न वाकवलेली रास्पबेरी

प्रिय रिम्मा,

आपल्या रास्पबेरीने लोकांना फसवलं, म्हणून हे पत्र. गावातल्या एकोणीस बागांत आपल्या चौदा नंबरच्या वाणाचे फोक बर्फाच्या रेषेपर्यंत काळे पडले आहेत. मुळं जिवंत आहेत, पण यंदा कोणाकडे मुरांबा होणार नाही. हिवाळ्याआधी फोक जमिनीला वाकवून बर्फाखाली घालायची इथली रीत. हा वाण उघड्यावर तगतो, या माझ्या शब्दावर ती सगळ्यांनी सोडली. शेजारची प्रास्कोव्या फाटकाशी उभी राहून म्हणाली, "क्लावदिया पेत्रोव्ना, तुम्ही शिकलेल्या. आमची आजी अडाणी, पण दर साली वाकवायची आणि दर साली खायची."

तीन दिवस हिवाळ्यांच्या नोंदींची वही चाळत बसले. आठ हिवाळे आपण माझ्या बागेतली चौदा नंबरची ओळ उघडी ठेवली. त्यातल्या तीन हिवाळ्यांत पारा उणे चाळीसच्या खाली गेला, तरी मार्चमध्ये फोक ताठ. तू माझी विद्यार्थिनी होतीस तेव्हा. आनंदाने टाळ्या वाजवल्या होत्यास. जानेवारीपासून माझ्या म्हाताऱ्याचं, तेरेंतीचं, अर्धं अंग गेलंय. परवा त्याला खिमट भरवताना मी वहीतले आकडे पुटपुटत होते. तो म्हणाला, "वही मीट, क्लावा. मी वाकवले होते."

नोव्हेंबरात मी बर्नाउलला शिकवायला गेले, की ज्या साली त्याला कडाक्याची चाहूल लागे, त्या साली तो ओळ आडवी करून वर बर्फ लोटायचा. मार्चमध्ये मी परतायच्या आत पुन्हा खुंटांना बांधायचा. "तुझी इतकी वर्षं उघड्यावर उभी. मला बघवेना गं." एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. ज्याला स्वतःची हनुवटी धड पुसता येत नाही, त्याच्याशी काय भांडायचं? पुसली, आणि पुढचा घास दिला.

मी चौऱ्याहत्तरची आहे. आणखी आठ हिवाळे माझ्याकडे नाहीत. तुमच्या उत्तरेकडे या महिन्यात चारशे रोपं वाटणार आहेस, ती वाटताना सांग की वाकवावीच लागतील. मी पाठवते आहे ती मुळं मात्र वेगळी लाव आणि उघडी ठेव. मऊ काळजाच्या माणसाला जवळ फिरकू देऊ नकोस. मेली तर मरू देत. मला तसं स्पष्ट कळव. तेरेंतीला वाचून दाखवायचं की नाही, ते माझं मी बघेन.

तुझीच,
क्लावदिया

बसचालक येफिमच्या हाती दिलं: चौदा नंबरची बारा मुळं, ओल्या शेवाळात बांधून. हिवाळ्यांची वही एक. तीन हिवाळ्यांवर काट मारली आहे; काट माझी, खाली सही तेरेंतीची, डाव्या हाताने.