पांढऱ्या गोळ्या

हिंगोली,
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

प्रिय सरिता,
जयभीम. तुझे गुडघे आता बरे असतील. दिवाळीपासून तू माझा फोन उचलला नाहीस, म्हणून हा कागद. तुझा प्रमोद डबा घेऊन आला आहे, दोनच्या गाडीनं हट्ट्याला परततो, त्याच्या हाती देते. तो म्हणाला, "मावशी, मोबाईल असून चिठ्ठी काहून?" गप्प बस म्हटलं.

सपनाला काल इथे दवाखान्यात दाखल केलं. पंधरा दिवस ताप, पोटात उजवीकडे दुखतं, अन्न ठरत नाही. आतड्याच्या सुजेचा तो जुनाच आजार, क्रोन्स. सकाळी एमआरआय झाला. त्याआधी पाऊण तासात दीड लिटर पातळ औषध पाजतात, म्हणजे आतडी फुगून नीट दिसतात. मी घड्याळ धरून उभी. "पी. अजून एक ग्लास." ती म्हणाली, "आई, हा तुझा वर्ग न्हाई." तिसऱ्या ग्लासाला तोंड वाकडं करून हसली. "याच्यापेक्षा औंढ्याच्या पाहुण्यांसमोरचा चहा बरा होता."

मी चौथा ग्लास भरला.

नंतर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. आतडं एका जागी दोरीसारखं अरुंद झालं आहे, शेजारी पूची गाठ आहे, आणि आतड्यातून त्या गाठीकडे बारीक वाट फुटली आहे. नुसतं पोट दाबून हे कळलं नसतं, म्हणाले. मग विचारलं, "गोळ्या नियमित?" मी हो म्हणाले. सकाळच्या फॉर्मवरही हो लिहिलं होतं, नेहमीच्या ठळक अक्षरात. ते म्हणाले, "रोज घेऊनही एवढं वाढलं, म्हणजे ती गोळी हिला लागू पडत नाही. चारला सर्जन येतील, ऑपरेशनचं ठरवू."

सरिता, दिवाळीत तू म्हणालीस, "अक्का, त्या गोळीनं तोंड सुजलं तर सुजू दे, पण बंद करू नको." मी म्हणाले, दवाखान्यात सुया टोचल्या म्हणून डॉक्टर झालीस का? तू चप्पल घातलीस आणि निघून गेलीस.

दुसऱ्याच दिवशी मी ते केलं. गोळ्या तिला मीच देते. शाळेत पोरींना लोहाच्या गोळ्या द्यायचे तशाच, समोर उभं राहून, गिळल्यावर जीभ दाखवायला लावून. स्टेरॉइडच्या डबीत मी कॅल्शियमच्या गोळ्या भरल्या. त्याही पांढऱ्या. कंपनी बदलली, असं तिला सांगितलं. पाहुणे येऊन जाईपर्यंतच, असं ठरवलं होतं. पाहुणे आले, तोंडाची सूज उतरली होती, पसंती आली. मग म्हटलं, साखरपुड्यापर्यंत. मग म्हटलं, बरी तर आहे.

तीस वर्षं मी पोरांना विज्ञान शिकवलं.

ती गोळी एकदम तोडायची नसते. भूल देणाऱ्याला हे ठाऊक नसलं तर टेबलावरच रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, हे तू नर्स म्हणून जाणतेस. मी काल मोबाईलवर वाचलं. वाचूनही सकाळी हो लिहिलं.

मघाशी सपनानं विचारलं, "कोणाला लिहून राहिलीस?" मावशीला, म्हटलं. म्हणाली, "मग हे पण लिही, आईनं एक दिवस गोळी चुकू दिली न्हाई. मावशीला उगीच शंका." एवढं बोलून कूस बदलली, सलाईनचा हात जपून उशीवर ठेवला.

हा कागद प्रमोदला दिला की आधी तिला सांगणार, मग डॉक्टरांना. ऐकल्यावर ती मला खाटेजवळ बसू देईल असं वाटत नाही. तिच्याजवळ आपलं माणूस पाहिजे. पाचची गाडी मिळाली तर रात्र व्हायच्या आत पोचशील. तू ये.

भ्यालेली,
जनका