वक्त्यांचे दात

फालेतोई,
सोमवार, ३ मे १९९९

चि. तिलोमाईस,

एपेराइमोचे अनेक आशीर्वाद. देवदयेने घरी सगळे बरे आहेत, म्हणजे अंगाने बरे आहेत. बाकीचे खाली लिहितो, ते बसून वाच. फोन केला असता, पण तो पाद्रीबाबांच्या घरी आहे, आणि तिथे बोललेले अर्ध्या गावाला ऐकू जाते.

गुरुवारी तुझे रेडिओवरचे बोलणे सगळ्यांनी ऐकले. 'मोठ्यांचं जगणं' सुरू झाले की बायका विणकाम थांबवतात. लग्नातल्या थाटामाटावर तू बोललीस तेव्हा तुझी वहिनी इतकी हसली, की कोको सांडला. पण पुढे तू त्या माणसाचे सांगितलेस. साठी उलटलेला, सारा गाव ज्याचे ऐकतो असा, आणि तोंडात खोटे दात आहेत हे स्वतःच्या बायकोपासून लपवतो. कवळीसुद्धा बिस्किटांच्या डब्यातून बसने मागवतो. नाव तू घेतले नाहीस, हे खरे. पण गेल्या नाताळात आपल्या गावचे वक्ते वाएलुपे स्वतः चालत बसपाशी गेले आणि एक डबा काखेत धरून घरी आले, हे कोण विसरले आहे? गावाच्या वतीने बोलणारा वक्ता कधी स्वतः बसपाशी जातो का? तो कोणाला तरी पाठवतो. तेव्हा लोकांनी तर्क केला होता, की त्यात औषध असेल. आता तर्क करायला नको.

परवा शनिवारी शेजारच्या गावची मंडळी नव्या देवळाच्या कामासाठी आली. त्यांनी भाषण केले आणि आमच्याकडून उत्तराची वाट पाहत बसली. वाएलुपे वक्त्याची काठी आणि चवरी घेऊन मैदानात उभे राहिले, तेवढ्यात मागून कोणीतरी दात वाजवले. ते तसेच खाली बसले. तीस वर्षांत प्रथमच आपला गाव पाहुण्यांसमोर मुका राहिला.

आज पंचांची बैठक झाली. येत्या शनिवारी सकाळी पुन्हा बसणार आहेत. तोवर वाएलुपेंचे मन शांत झाले नाही, तर आपल्या घराण्याने गाव सोडायचा. नीरफणसाची झाडे एक वेळ सोडता येतील. आईची कबर दारापुढे आहे, ती कशी न्यायची?

तू काळजी करू नकोस, असे लिहिणार होतो, पण ते खोटे झाले असते.

तुझा भाऊ,
एपेराइमो


आपिया,
मंगळवार, ४ मे

ती. दादास,

तिलोमाईचा सा. नमस्कार. तुझे पत्र पेशंटच्या दोन दातांच्या मध्ये वाचले, आणि दुसरा दात उपटताना हाताला जरा जास्तच जोर आला.

दादा, मी काय खोटे बोलले? मी बेचाळीस वर्षांची आहे. रोज दहा-बारा मोठी माणसे माझ्यापुढे तोंड उघडतात आणि मला आत काय दिसते, तर भीती. बायको काय म्हणेल, गाव काय म्हणेल, पाद्री काय म्हणतील. आपल्या घरांना भिंती नाहीत, म्हणून आपल्याकडे माणूस साठीतही मोठा होत नाही, असे माझे मत आहे. इथे मी एकटी राहते, दाराला कडी लावते, तर लोकांना वाटते मी उपाशी मरते. दर रविवारी कोणीतरी अळूचे कंद ठेवून जाते. कंद चांगले असतात, ते सोड.

आणि मोठा माणूस म्हणजे काय? आपल्या शब्दाचा हिशेब आपण देतो तो. मी बोलले, तर मला बोलवा, मला जाब विचारा. तुझे घर कशाला उठवतात? तू सोळा वर्षे देवळाची घंटा वाजवतोस, कोणाला वावगा शब्द बोलला नाहीस. हा कुठला न्याय?

परवा गुरुवारी मी रेडिओवर सगळा खुलासा करणार आहे. एकदा सगळे उघड बोलले, की हसण्यासारखे काही उरत नाही. वहिनीला सांग, सांडलेल्या कोकोचा डाग लिंबाने जातो.

रागाने लिहिले आहे, मायेने वाच.
तिलो


फालेतोई,
बुधवार, ५ मे, पहाटे

चि. तिलोमाईस आशीर्वाद.

बस सुटायच्या आत लिहितो आहे. गुरुवारी त्या विषयावर एक अक्षर बोलू नकोस. तू वाएलुपेंचे नाव घेतलेस, तर शनिवारची वाट पाहायची गरजच उरणार नाही.

तुझी भिंतीची गोष्ट मी प्रार्थनेनंतर बराच वेळ मनात घोळवली. ती खोटी नाही. पण मला दुसरे एक आठवले. तू दवाखाना उघडलास त्या वर्षी मी आलो होतो. आपली शेजारीण बाहेर पडताना दिसली, म्हणून मी सहज विचारले, की हिचा कोणता दात काढला. तू मला सगळ्यांदेखत दटावलेस. म्हणालीस, की दादा, या दारातून आत आलेले बाहेर जात नाही; ते तुलाही सांगणार नाही. मला तेव्हा राग आला होता. पण गावी परतताना सगळ्या वाटेत मला तुझा अभिमान वाटत होता. वाएलुपेही त्याच दारातून आत आले होते ना?

त्यांच्या घरापुढून काल गेलो. वाटेकडे पाठ करून बसले होते. त्यांची बायको म्हणाली, की मला दातांचे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, पण यांनी रविवारपासून घास घेतला नाही.

आता एकच उपाय आहे. शनिवारी उजाडण्याआधी मी त्यांच्या अंगणात जाऊन गुडघे टेकीन आणि अंगावर चटई घेईन. ते ती काढतील, म्हणजे माफ करतील, किंवा काढणार नाहीत. त्यासाठी आईने तुझ्यासाठी विणलेली बारीक विणीची चटई पाहिजे, जी तू दवाखान्यात काचेत लावली आहेस. आपल्याकडे तेवढ्या तोलाची दुसरी नाही. शुक्रवारच्या बसने पाठव.

बहिणीसाठी भावाने वाकायचे, ही रीत आहे. त्यात मला कमीपणा नाही.

एपेराइमो


आपिया,
गुरुवार, ६ मे

ती. दादास सा. न.

चटई पाठवत नाही. घेऊन येते.

काच फोडावी लागली. आई ती चटई अकरा महिने विणत बसली होती, आणि मी ती पेशंटांना बघायला लावली होती. आज रेडिओवर फक्त हिरड्यांवर बोलले. निवेदक म्हणाले, की बाई, आज काय, मत नाही का? मी सांगितले, की आज नाही.

शेजारणीची गोष्ट तू लिहायला नको होतीस. ती वाचल्यावर मी दिवसभर कोणाच्या तोंडाकडे नीट पाहू शकले नाही. गाव मोठ्या माणसांना लहान करतो, असे मी दर आठवड्याला सांगते. आणि मी काय केले?

चटईखाली मी बसणार. रीत मला शिकवू नकोस, बोलले कोण? तू मागे बस. आणि मध्ये बोललास तर पाहा.

तिलो


फालेतोई,
सोमवार, १० मे

चि. तिलोमाईस,

अनेक आशीर्वाद. परवा तुला लगेच बस गाठायची होती, म्हणून धड बोलणे झाले नाही. आणि तू चटईखाली होतीस, तेव्हा तुला काही दिसले नसणार. म्हणून लिहितो.

मला मान खाली घालून बसायचे होते. पण मी पापी माणूस, सारखी वर करत होतो.

आपण बसलो तेव्हा अंधार होता. उजाडल्यावर लोक जमले. बहीण चटईखाली आणि भाऊ मागे, हे पाहून म्हातारी मंडळी कुजबुजली. एक जण म्हणाले, की हे उलटेच काय? मी तुझी आज्ञा पाळली, बोललो नाही. वाएलुपे आत आपल्या खांबाला टेकून बसले होते. आपल्याकडे पाहत होते, पण उठत नव्हते. ऊन अंगणात आले. पंच मैदानाकडे निघाले. तेव्हा मी देवाकडे काही मागितले नाही, नुसते आईचे नाव घेतले.

मग त्यांची बायको आत काहीतरी बोलली. काय, ते ऐकू आले नाही. ते उठले. तोंडात हात घातला, दोन्ही कवळ्या काढल्या आणि तिच्या ओंजळीत ठेवल्या. गाल आत गेले, चेहरा एकदम म्हातारा झाला. तसेच ते बाहेर आले, आणि चटई उचलण्याआधी त्यांनी ते भाषण केले, जे तू ऐकलेस. तुला शब्द फुटके-फुटके वाटले असतील. तू घाबरली असशील, की हे रागाने असे बोलतात. राग नव्हता, दात नव्हते. सगळ्या गावासमोर, दिवसाउजेडी, मोकळ्या तोंडाने ते पूर्ण भाषण म्हणाले, आपल्या घराण्याची सहा पिढ्यांची नावे घेऊन, आईच्या नावापर्यंत. कोणी हसले नाही. आदल्या शनिवारी ज्याने दात वाजवले होते, तो माझ्या शेजारीच उभा होता. त्याने ओठ घट्ट मिटले होते.

त्यानंतर चटई उचलली, ते तुला ठाऊकच आहे.

आज सकाळी ते बसपाशी स्वतः आले. कोणाला पाठवले नाही. हातात तोच बिस्किटांचा डबा. झाकण सगळ्यांदेखत उघडून ड्रायव्हरला दाखवले आणि बजावले, की डॉक्टरीणबाईंचे दात आहेत, सांभाळून ने. मला म्हणाले, की तुझ्या बहिणीला लिही, खालची डावीकडे टोचते, जरा घासून दे. पुढच्या शनिवारी पाहुणे येणार आहेत, तोवर पोचली पाहिजे.

हे पत्र त्याच डब्याला सुतळीने बांधले आहे. काम झाले की त्याच बसने परत पाठव, आणि चार ओळी मलाही लिही. लोभ आहेच, तो वाढता राहू दे.

तुझा भाऊ,
एपेराइमो