गुरुवारची चिठ्ठी आणि डाव्या बाजूचा बचाव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त लघुलेखिका, राहणार स्वतःच्या मालकीच्या घरात, हा कागद माझ्या हाताने, माझ्याच टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला हृदयाच्या डॉक्टरांनी काल दिला. आमच्या फुटबॉल संघाच्या समर्थक मंडळाची जी कार्यकारिणी आहे, तिच्यावरील सात सद्गृहस्थांनीही असाच एक दाखला आणून दाखवावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. पण ती या कागदाने पुरी होण्यासारखी नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू पाहणारे दोघे परवा येऊन गेले, आणि जिना उतरताना एकमेकांशीच भांडत होते.

येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. चौतीस वर्षे मी न्यायालयात साक्षी उतरवून घेतल्या आहेत. हे वाक्य माणसे कधी उच्चारतात ते मला ठाऊक आहे.

सात वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात घराची पुढची खोली मंडळाला कायमची देऊन टाकण्याचा मूर्खपणा होता. यजमान जाऊन तेव्हा महिना झाला होता, आणि महिन्याभराच्या विधवेकडून लोक काय वाटेल ते लिहून घेतात.

कलम १. राहते घर, वरच्या गच्चीसह, माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावे. तिने ते ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे, अट एकच. पुढच्या खोलीत मंडळाची बैठक पुन्हा कधीही भरू नये. त्या खोलीतल्या लांब टेबलावर कपांची एवढी वर्तुळे उमटली आहेत की मूळ लाकूड कोणते होते ते मलाही आठवत नाही. खिडकीजवळच्या भिंतीवर कार्यकारिणीतल्या दंतवैद्यांच्या डोक्याच्या तेलाचा ताटलीएवढा डाग आहे. तेवीस वर्षे हा गृहस्थ तिथे डोके टेकून ‘आपल्याला आक्रमण हवे’ म्हणत आला आहे. भिंत खरवडून घ्यावी, नुसता रंग देऊन भागणार नाही.

कलम २. बँकेतले जे असेल ते लेकीचे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. काल फोनवर मी तिला काही भाग वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, “आई, तू मृत्युपत्र लिहितेस की भांडण उकरून काढतेस?” मी म्हटले, दोन्हीला कागद एकच लागतो.

कलम ३. यजमान घड्याळे दुरुस्त करत. त्यांची हत्यारांची पेटी, म्हणजे डोळ्याला लावायचे भिंग, बारीक पेचकस, चिमटे आणि लहान हातोडी, माझ्या पुतण्याला मिळावी. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. फ्रेमचा स्क्रू बसवताना त्याचा हात मी पाहिला आहे. त्याच्या काकांसारखाच स्थिर आहे. याच हाताचा उपयोग त्याच्या वडिलांनी बारा वर्षे मैदानावरची थ्रो-इन टाकण्यासाठी करून घेतला.

कलम ४. हे वडील म्हणजे माझे धाकटे दीर, मंडळाचे विद्यमान अध्यक्ष. यांना माझ्या लघुलेखनाच्या एकोणीस वह्या द्याव्यात. अध्यक्ष झाल्यापासून बैठकीत ते जे जे बोलले ते अक्षरन् अक्षर त्यांत आहे. स्वतःचे भाषण ऐकायला त्यांना आवडते, आता वाचायलाही मिळेल. लघुलिपी शिकायला साधारण दोन वर्षे लागतात. तेवढा काळ ते कोणाला शिस्तीवर व्याख्यान देणार नाहीत, हा त्या देणगीचा खरा भाग आहे.

कलम ५. आता मुख्य गोष्ट.

आमच्या संघाने यंदा चौदा सामने खेळून अकरा गमावले, दोन बरोबरीत सोडवले आणि एक जिंकला. या सगळ्याचे खापर प्रशिक्षकांवर फोडायचे ठरले आहे. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. ते तीन वर्षांपूर्वी आले आणि मैदानामागच्या दोन खोल्यांत आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन राहतात. त्या खोल्या नोकरीबरोबर मिळतात आणि नोकरीबरोबर जातात. येत्या रविवारी सकाळी, सामन्याच्या आधी, त्यांना काढण्याचा ठराव मतास यायचा आहे. गेले दोन महिने माझ्या पुढच्या खोलीत दुसरा विषय नाही. दंतवैद्यांना आक्रमक प्रशिक्षक हवा. विमा एजंटांना बचावात्मक हवा. दिरांना ‘वचक असलेला’ हवा. बाकीचे चौघे ज्याचा चहा शेवटी संपेल त्याची री ओढतात. मास्तरांच्या चालण्यापासून ते त्यांच्या टोपीपर्यंत सर्व गोष्टींवर चर्चा झाली. एकाने तर त्यांचा खोकला खेळाडूंचे मनोधैर्य खच्ची करतो असे निदान केले. निदान करणारे दंतवैद्य नव्हते, एवढे दंतवैद्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

या चर्चेत एक प्रश्न कोणीच विचारला नाही: मैदानात उतरणारे अकरा जण निवडतो कोण?

मी सांगते. क्लबला पूर्वी प्रशिक्षक परवडत नव्हता, तेव्हा समर्थक मंडळ संघ निवडत असे. माझे यजमान अध्यक्ष होते. दर गुरुवारी ते अकरा नावांची चिठ्ठी लिहून कपडे बदलायच्या खोलीच्या दाराला लावत. पुढे प्रशिक्षक आला, त्याचा पगार मंडळ देऊ लागले. पण चिठ्ठी काही थांबली नाही. प्रशिक्षकाने सराव घ्यायचा, घाम गाळायचा, खोकायचे, आणि रविवारी चिठ्ठीवरचे अकरा उतरवायचे. पंचवीस वर्षे हे असेच चालू आहे. सवय इतकी जुनी झाली आहे की ती आपली सवय आहे, हेच सातजण विसरले आहेत. स्वतः निवडलेला संघ हरला की ते खऱ्याखुऱ्या संतापाने विचारतात, असा संघ निवडलाच कसा. ढोंग असते तर मला जरा तरी आदर वाटला असता.

चिठ्ठी मी लिहिते, कारण मी चिटणीस आहे आणि कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी माझे अक्षर वळवून घेतले आहे. पद्धत अशी: सातही जण कोऱ्या कागदाच्या तळाशी आधी सह्या करतात, कारण सगळ्यांना घरी जायची घाई असते. मग तोंडाने नावे सांगत चपला घालतात. मी नावे नंतर वर भरते.

डाव्या बचावाच्या जागी दर आठवड्याला माझ्या पुतण्याचे नाव येते. तो आता एकतीस वर्षांचा आहे. यंदा आमच्यावर झालेल्या गोलांपैकी निम्म्याहून अधिक त्याच्या बाजूने झाले. लहान पोरे त्या बाजूला मोकळा रस्ता म्हणतात. मास्तरांनी दोनदा दिरांकडे जाऊन सुचवले की राखीव खेळाडूंमधल्या वेल्डरला डावीकडे घ्यावे. दोन्ही वेळा दिरांनी बैठकीत येऊन सांगितले की मास्तर आपल्या घराण्याला पाण्यात पाहतो.

नवव्या सामन्याच्या आधी गुरुवारी पुतण्या दुपारी एकटाच माझ्याकडे आला. बसला नाही. म्हणाला, “काकू, माझं नाव नको लिहूस. गुडघा गेल्या वर्षीच संपलाय. दुकानात उभं राहवत नाही, पळणार कुठून.” मी म्हटले, बापाला सांग. तो म्हणाला, तीन वेळा सांगायला गेलो, तिन्ही वेळा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

त्या संध्याकाळी सह्या झालेल्या कागदावर मी डाव्या बचावाला वेल्डरचे नाव लिहिले. हात चालूच होता म्हणून मास्तरांनी सुचवलेले आणखी दोन बदलही लिहिले. तो सामना आम्ही अव्वल क्रमांकाच्या संघाविरुद्ध दोन-शून्य जिंकलो. यंदाचा एकमेव विजय.

हे उघडकीला कसे आले नाही, असे विचाराल. दिरांची दाढ सामन्याच्या आदल्याच दिवशी दंतवैद्यांनी काढली होती आणि ते सुजलेला गाल धरून घरी होते. पुतण्याने त्यांना सांगितले की सराव करताना पाय मुरगळला. उरलेल्या सहा जणांनी नवा संघ डोळ्यांनी पाहिला आणि प्रत्येकाने मनाशी ठरवले की हा बदल आपल्याच सूचनेवरून झाला. पुढच्या बैठकीत सहाही जण याबद्दल शेखी मिरवत होते. विमा एजंट म्हणाले की ते हे गेल्या मोसमापासून सांगत होते. माझ्या एकोणीस वह्यांत तसे एक वाक्य नाही. मग दिरांनी गालावरचा रुमाल काढून विचारले, मुलाचा पाय बरा आहे, तेव्हा त्याला परत घ्यायला हरकत नाही ना? कोणाची हरकत नव्हती. सह्या झाल्या. आणि मी त्याचे नाव लिहिले.

दुसऱ्या दिवशी मास्तर दारात आले. म्हणाले, “बाई, गेल्या वेळची चिठ्ठी तुमची होती. अक्षर नेहमीचंच होतं, पण त्यात अक्कल होती.” मी म्हटले, मी फक्त लिहून घेते. त्यांनी मान हलवली आणि गेले. त्यांनी ही गोष्ट आजवर कोणालाही सांगितलेली नाही, स्वतःची नोकरी वाचवायलासुद्धा नाही. सांगितले असते तर दिरांनी मला चिटणीसपदावरून काढले असते, एवढेच. तेवढ्यासाठी तो माणूस गप्प बसला आणि मीही बसले.

पंचवीस वर्षांच्या सर्व चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती खाकी पाकिटांत आहेत. त्या मास्तरांना द्याव्यात. ठराव आला की त्यांनी प्रत्येक पराभवाची चिठ्ठी सात सह्यांसह टेबलावर ठेवावी.

कलम ६. वरचे कलम लिहून झाल्यावर मी चहा करायला उठले, आणि पाणी उकळेपर्यंत माझ्या लक्षात आले की मी एक मोठाच गाढवपणा करते आहे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर बोलते. शुक्रवारी मी जगले, तर हा कागद कपाटात गप्प पडेल आणि रविवारी मास्तर घराबाहेर. मेले, तर माझी लेक पाकिटे शोधेपर्यंत रविवार उलटून गेलेला असेल. म्हणजे खरे बोलायची मी अशी सोय केली होती की ते कोणाच्याच कानावर जाऊ नये. सात जणांना मी पानेच्या पाने नावे ठेवली. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर शेजारणीच्या वहीतून उतरवणाऱ्या मुलीला आणि वही पुढे सरकवणाऱ्या मुलीला एकाच बाकावर उभे करत. त्या बाकावर मी आठवी आहे.

म्हणून कलम ५ मधील देणगी मी जिवंतपणीच अमलात आणते. उद्या, बुधवारी, दुपारी चार वाजता कार्यकारिणीला बोलावले आहे. मास्तर आणि पुतण्या यांनाही.

पुरवणी. बुधवार, संध्याकाळ.

कलम ५ मी आज सर्वांसमोर उभी राहून वाचले. चहा दिला नाही. वाचून होईपर्यंत दंतवैद्यांनी डोके भिंतीवरून उचलले होते, हे मी प्रथमच पाहिले. पाकिटे टेबलावर होती. विमा एजंटांनी पाच-सहा चिठ्ठ्या काढून आपली सही खरी आहे का ते निरखले.

दीर म्हणाले, “वहिनी, तुम्ही आम्हाला फसवलंत.”

मी म्हटले, “एकदाच, भाऊजी. त्या दिवशी तुम्ही जिंकलात.”

त्यांनी मास्तरांकडे बोट दाखवून बोलायला सुरुवात केली की हे सगळे यांनीच घडवून आणले. तेव्हा पुतण्या उठला. उठताना त्याने टेबलाची कड धरली, आणि ते सगळ्यांनी पाहिले. म्हणाला, “बाबा, मास्तरांचा काही संबंध नाही. काकूला मी सांगितलं. मला जमत नाही.”

  दिरांनी मुलाच्या पायाकडे पाहिले. मग हळू आवाजात विचारले, “आत्ता दुखतोय का रे?” तो हो म्हणाला. दिरांनी आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि स्वतः उभे राहिले. या माणसाबद्दल मी वर जे लिहिले त्यातले काही खोडत नाही. पण हेही घडले, आणि मी जे घडते ते लिहून घेते.

मास्तर दोनच वाक्ये बोलले. चिठ्ठी येणार नसेल तर मी राहतो. येणार असेल तर रविवारची वाट कशाला पाहता, मी आजच आईला सांगतो.

चिठ्ठी बंद करण्याच्या बाजूने पाच हात वर झाले. दंतवैद्य विरुद्ध होते. दिरांनी हात वर केला नाही, खालीही म्हणता येणार नाही; तो मुलाच्या खांद्यावर होता. मास्तरांना काढण्याचा ठराव मग कोणी मांडलाच नाही. पाचच मिनिटांत चिठ्ठी मुळात कोणी सुरू केली यावरून वाद पेटला आणि तिघांनी माझ्या दिवंगत यजमानांचे नाव घेतले. मी सर्वांना बाहेर काढून दार लावले.

यावरून शेवटचे कलम. मंडळाचे चिटणीसपद मी आज सोडले आहे. त्याला वारस नेमत नाही. उद्या गुरुवार आहे. उद्या मी काहीही लिहिणार नाही. रविवारी डावीकडे कोण उभे राहील ते मास्तरांनाच ठाऊक, आणि दुपारी तीन वाजता मी भूल उतरून पडलेली असेन किंवा नसेन. दोन्हीपैकी काहीही झाले तरी मला विचारायला कोणी येऊ नये.

हा कागद मी दोन्ही साक्षीदारांना पूर्ण वाचून दाखवला. त्यांनी माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत सह्या केल्या आहेत. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही, आणि दोघेही फुटबॉल पाहत नाहीत.

(सही) लिहून ठेवणार, घरमालकीण, माजी चिटणीस

साक्षीदार
१. (सही) कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई
२. (सही) शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
तारीख: चालू महिन्याची नऊ, बुधवार, सायंकाळी सव्वासहा