राजा हवा की झाडं?

स्ताव्रोस, इथाका
१२ सप्टेंबर १९८४

चि. स्ताथिस यास ताईचे आशीर्वाद, आणि थोडं खडसावणं.

खुशाली विचारायला तुला वेळ नाही, म्हणून मीच कळवते. बाबांच्या ऑलिव्हच्या मळ्यात पाण्याच्या टाकीसाठी खणताना जुनी भिंत लागली. अथेन्सहून उत्खनन करणाऱ्या मेल्पोमेनीबाई आल्या. त्या म्हणाल्या, तीन हजार वर्षांची. झालं, गाव येडं झालं! ट्रॉयच्या लढाईला गेलेला आणि वीस वर्षांनी उगवलेला आपला राजा इथेच राहायचा, असं कॉफीवाल्या पानागीसने ठरवूनही टाकलं. माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला तो दरबार म्हणतो. पण राजाचा पुरावा निघाला तर जमीन सरकारजमा होईल, झाडं जातील. गावाला राजा हवा, मला झाडं. काय करू?

लोभ आहेच, वाढवायचा तर बोटीत बस.
काल्लिरोई


आर्गोस्तोली, केफालोनिया
२० सप्टेंबर

ती. ताईस सा. न. खडसावणं पोचलं, दुखलं नाही.

मी इथे स्थायिक झालो म्हणून म्हणत नाही, पण तो राजा मुळात आमच्या बेटाचा, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तुमच्याकडे तो फार तर बोट लागली म्हणून ओकायला उतरला असेल. बायकोला वीस वर्षं ताटकळत ठेवणाऱ्यासाठी बाबांची झाडं द्यायची? आधी मला तोडा म्हणावं! आणि पानागीसवर नजर ठेव. परवा इथल्या बाजारात काशाचा पेला घेत होता. कॉफीसाठी, म्हणे.

रागावलीस तरी तुझाच,
स्ताथिस


स्ताव्रोस
५ ऑक्टोबर

चि. स्ताथिस, आशीर्वाद. आज खडसावणं माफ.

पेला आमच्या खड्ड्यात निघाला! पानागीसच 'राजाचा पेला' म्हणून बोंबलला. बाईंनी पालथा केला, तर तळाशी कोरलेलं : 'केफालोनियाची आठवण'. गाव हसून लोळलं. हा निर्लज्ज म्हणतो, राजा येताना तिकडूनच आला असेल.

मग खरंच काही निघालं. भिंतीपलीकडे एका म्हातारीची हाडं, उशाशी मागाला बांधायची मातीची वजनं. राजाची राणी मागावर विणत त्याची वाट पाहायची ना, मग गावाने लगेच हिला राणी केलं. बाई म्हणाल्या, राणीबिणी काही नाही, चढउतार करून गुडघे पार झिजलेत बिचारीचे. मी हळूच माझे गुडघे झाकले. राजाचं नखही मिळालं नाही, झाडं वाचली. हाडं उचलताना पानागीसने टोपी काढली. बाईंनी विचारलं, हिला काय म्हणायचं?

मी म्हटलं, शेजारीण म्हणा.

तुझी ताई