लाल नाड्याची सायकल

नवागाम, सुरत
मंगळवार, १८ मार्च २०२५

चि. लक्ष्मण,

आशीर्वाद. चंचलला माझी आठवण सांग. तुम्ही नवराबायको बरे असाल. इकडे आम्हीही दोघं बरे आहोत. तुझ्या दाजींनी कारखान्यातला लूम, तो कापडाचा माग, सोडून वर्ष झालं, पण त्यांच्या कानातला लूम अजून बंद पडलेला नाही. मी हळू बोलले की त्यांना ऐकू येत नाही, आणि मोठ्याने बोलले की म्हणतात, भांडतेस कशाला. तेव्हा आमचं जेवण हल्ली हातवाऱ्यांवर चालतं.

पत्र बघून तू म्हणशील, अक्काला काय झालं, फोन आहे की. पण फोनवर तू 'हं' म्हणतोस, 'बरं' म्हणतोस आणि चंचलच्या हातात देऊन टाकतोस. कागदाला 'हं' म्हणून चालत नाही. तू तर लहानपणी भजी बांधून आलेला कागदसुद्धा वाचून काढायचास, म्हणून भरवसा आहे की हेही शेवटपर्यंत वाचशील.

होळी झाली आणि माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर रांग लागली. वर्षभर माळ्यावर, गॅलरीत, जिन्याखाली पडलेल्या सायकली चैत्राच्या यात्रेची चाहूल लागताच खाली उतरतात. आपलं यात्रेचं मंडळ यंदा एकादशीला, म्हणजे आठ एप्रिलला, पहाटे सप्तशृंगीच्या गडावर निघणार. बारडोली, वघई, सापुतारा करत चौथ्या दिवशी पायथ्याला नांदुरीत, पौर्णिमेला दर्शन आणि मग परत. यंदा बहात्तर सायकली आहेत. रोज सकाळी आठ चेनी रॉकेलच्या डब्यात भिजत घालते आणि मग दिवसभर माझ्या हातच्या चहालाही रॉकेलचा वास येतो. दाजी पितात बिचारे. निशाणाची काठी अडकवायला हँडलला पट्ट्या लावायच्या, कॅरिअर घट्ट करायचे, चाकांची आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायची. एकेका चाकाने तर वर्षभरात पापडाचा आकार घेतलेला असतो.

शिवाय आता वेसूकडची एक नवी मंडळी येऊ लागली आहे. रविवारी पहाटे डुमसला समुद्रावर जाऊन येतात. ऊन तापायच्या आत यांचाही मोसम उरकायचा असतो. परवा एक जण आला. "बेन, जरा हवा जोई आपो ने," म्हणत त्याने चाक पुढे केलं. सायकलीला मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही. मी म्हटलं, भाई, बाकीची सायकल कुठे ठेवून आलात? हसला बिचारा. आता दर रविवारी येतो.

काम आहे, पण कामाची मजा नाही. तू गावाला परत गेल्यापासून सायकली पास करायचं काम हिलाल अण्णांनी स्वतःकडे घेतलं आहे. मंडळाचे अध्यक्ष म्हणून त्यांचा मान ठीक, पण अण्णा सायकल पास कशी करतात माहीत आहे? घंटी वाजवतात. वाजली की पास. मागच्या वर्षी एकाचं पेडल हातात निघून आलं, तरी त्याची घंटी वाजत होती म्हणून लाल नाडा मिळाला. देवीच वाचवते.

तुझा नियम किती साधा होता. जो कसतो त्याने पास करायचं नाही. मी सायकल कसून हँडलला पांढरा धागा बांधायचा, तोही लूमवरचाच. मग तू ती उलटी करून एकेक नट बघायचास आणि तुझी खात्री पटली की शेजारी लाल नाडा बांधायचास. दोन गाठी असल्याशिवाय सायकल मंडळात नाही. माझ्या दहातल्या दोन तरी तू परत करायचास. मी पाना आपटायचे, तुला जेवायला बोलवायचे नाही, आणि तू आपला शांतपणे येऊन पाटावर बसायचास. सगळं मंडळ म्हणायचं, लक्ष्मणचा नाडा म्हणजे डोळे मिटून बसावं.

वत्सलाबाई बऱ्या आहेत. हात आता डोक्याच्या वर जातो, स्वतःची वेणी स्वतः घालतात. खरं तर त्यांचा विषय काढायचा नव्हता. निघाला.

बाकी, कैऱ्या अजून लहान आहेत.

गुरुवार, २० मार्च

परवा कैऱ्यांवर पत्र सोडून उठले. गिऱ्हाईक आलं असं दाजींना सांगितलं. गिऱ्हाईक नव्हतं. मी दुकानात जाऊन नुसती बसले होते.

धुळवडीला चंचलचा फोन आला होता. तू मळ्यात होतास. तिने सांगितलं की गावातल्या शाळेसमोर एक गाळा मिळतोय, मुली सायकलींवर येतात, पंक्चर काढायलासुद्धा त्यांना अमळनेर गाठावं लागतं. तिने तुला तीनदा विचारलं. आणि तू म्हणालास, "माझ्या हाताचा भरवसा नाही." शेजारच्या पोरीची चेन उतरली तरी तू हात लावत नाहीस, म्हणाली. दुसऱ्याच्या मळ्यात पाणी भरायला जातोस, पण पान्याला शिवत नाहीस.

लक्ष्मण, आता जे लिहिते ते नीट वाच. वत्सलाबाईंच्या सायकलीचा लाल नाडा तू बांधला नव्हतास. मी बांधला होता.

तीन वर्षांपूर्वीची निघायच्या आदल्या दिवसाची दुपार. तू ब्रेकची रबरं आणायला उधन्याला गेला होतास. दारात गर्दी, सगळ्यांना माझीच आधी हवी. मी वत्सलाबाईंच्या मागच्या ब्रेकची वायर बदलत होते. नट अर्धा कसला, तेवढ्यात एकाने चाक पुढ्यात आणून टाकलं. ते बघून परत आले तेव्हा वाटलं, नट कसून झालाय. पांढरा धागा बांधला. वत्सलाबाईंना डबे पोचवायचे होते, त्या थांबायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, लक्ष्मणभाऊ येईपर्यंत माझी पोळी गार होईल. तुझ्या डब्यात नाड्याची गुंडी होती. मी म्हटलं, एकच तर आहे. आणि दुसरी गाठही मीच मारली. संध्याकाळी तुला सांगायचं होतं. संध्याकाळी तू आल्या आल्या माझ्या दोन सायकली परत केल्यास, मला राग आला, आणि सांगायचं राहिलं. एवढंच झालं.

तो नट जाताना टिकला, कारण चढाला ब्रेक कोण दाबतो? परतीला सापुताऱ्याच्या उतारावर त्यांनी जोर लावून दाबला आणि वायर निसटली. त्या पडल्या, हात मोडला, पुढचं तुला माहीत आहे.

मंडळाच्या बैठकीत अण्णांनी ते हँडल तुझ्यासमोर धरलं. "हाई गाठ तुन्हीच शे ना, लक्ष्मण?" तू गाठ उलटसुलट करून बघितलीस. तुला आठवत नव्हतं, ते मला दिसत होतं. दोन दिवसांत साठ सायकली, कुणाला आठवणार? मग तू म्हणालास, "हां, मन्हीच शे." लाल नाडा आपलाच असतो, दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही, म्हणून म्हणालास. मी तुझ्यापासून दोन हातांवर बसले होते.

गप्प का बसले, ते सांगते. त्या वर्षी अर्धं मंडळ म्हणत होतं की बाईच्या हातची सायकल घाटात न्यायची नाही. तुझा नाडा होता म्हणून माझं काम चालत होतं. वाटलं, आता खरं बोलले तर पाना कायमचा हातातून जाईल. हे कारण खरं आहे, लक्ष्मण, पण ते पुरत नाही. त्या दिवशी पुरलं नाही, दुसऱ्या दिवशी तर अजिबात नाही. तू पेटी बांधत होतास आणि मी तुला वाटेसाठी दशम्या करून देत होते. तेव्हा बोलता आलं असतं. दशम्या केल्या.

बुधवारी सकाळी हे आधी दाजींना सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे शेजाऱ्यांनाही कळलं असेल. ते म्हणाले, "इतला दिन तुले झोप कशी लागे?" म्हटलं, लागत नव्हती. तर म्हणाले, "माले वाटनं डास चावतंस." मग उठून स्वतः चहा केला. लग्नाला तीस वर्षं झाली, पहिल्यांदा केला.

संध्याकाळी रंगपंचमीची बैठक होती. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. अर्धवट काही ठेवलं नाही. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. वत्सलाबाई समोरच होत्या. त्यांनी विचारलं, "इतला दिन बोलनी का नही तू?" मग त्या म्हणाल्या, "तीन वरीस मी लक्ष्मणले मनमा शिव्या दिन्यात. आते त्या परत कश्या लेऊ?" आणि पदर डोळ्याला लावला. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

मला वाटलं, संपलं, आता त्या माझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. पण आज सकाळी शटर उघडलं तर त्याच दारात, सायकल हातात धरून. अपघातानंतर ती सायकल त्यांनी बाहेर काढलीच नव्हती. माझ्यासमोर स्टँडवर लावली आणि म्हणाल्या, "कस. पन लाल नाडाले हात लावू नको." एवढं बोलून गेल्या. मी तो ब्रेकचा नट चार वेळा कसला आणि मग रडले. दाजींना ऐकू आलं नाही ते बरंच झालं.

कालच्या बैठकीत मंडळाने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक माझ्यासाठी. अण्णा म्हणाले, "जी कसस, तीच घाट उतरी." म्हणजे यंदा मलाही सायकलवर गडाला जायचंय, सगळ्यांच्या सोबत. तीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या, पण दिंडोलीच्या पुलापलीकडे मी कधी चालवली आहे का? आज दुपारपासून सराव चालू झाला. दाजी कॅरिअर धरून मागे पळतात आणि सोडताना सांगतही नाहीत. गल्लीतल्या बाया ओट्यावर बसून बघतात. बघू देत.

दुसरी गोष्ट तुझ्यासाठी आहे. यापुढे परतीच्या आधी नांदुरीतही सगळ्या सायकली तपासायच्या, घाट उतरायच्या आत. ते काम कुणाला द्यायचं यावर बैठकीत फार चर्चा झाली नाही. तुझं नाव आधी वत्सलाबाईंनी घेतलं. अण्णा स्वतः फोन करणार आहेत, माफी मागायला. चंचलकडे देऊ नकोस, तूच उचल.

मला माफ कर असं आज म्हणत नाही. तो हक्क मी तीन वर्षांत रोज थोडा थोडा घालवला. रागव. भांडायला ये. नाही आलास तर तेही समजेन. पण काही झालं तरी तो शाळेसमोरचा गाळा घे. तुझ्या हाताखालून एकही कच्ची सायकल कधी गेली नाही. एकही नाही. ज्या गाठीपायी तू हातातला पाना टाकलास, ती तुझी नव्हतीच. हे मी मंडळाला सांगितलं, आता तुला लेखी देते. चंचलला वाचून दाखव, गावात कुणालाही दाखव.

पौर्णिमा बारा एप्रिलला आहे. यात्रेला अमळनेरकडून गाड्या असतातच. आम्ही अकराला दुपारपर्यंत नांदुरीत पोचू.

चढाला ब्रेक लागत नाही, मी चढून येते. पण परत निघताना माझी सायकल तू उलटी करून बघितल्याशिवाय मी पेडलवर पाय ठेवणार नाही. तू आला नाहीस तर ती हातात धरून घाट चालत उतरेन. आणि आलास, तर माझं तोंड बघून नाडा बांधू नकोस. नीट बघ, आणि काही सापडलं तर सगळ्यांसमोर परत कर. मी पाना आपटणार नाही.

तीन वर्षं तुझ्या नावाआड लपलेली,
तुझी मोठी बहीण
सुवर्णा