दाजी, फोनवर मी नव्हतो

तीर्थस्वरूप दाजींस, धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? लिफ्ट दुरुस्त झाली तरी तुम्ही हट्टाने जिनाच चढता, असं ताईकडून कळलं. काळजी वाटते.

तुम्ही लिफ्टमध्ये अडकलात आणि आमच्या कंपनीला फोन केलात, तिथून सुरू करतो. (लिफ्ट का अडकली, हा प्रश्न मेकॅनिकचा. मी भांडार सांभाळतो.) फोन उचलणारं ते यंत्र मी बसवलं. कुठल्या कॉलेजात न जाता, नुसती पुस्तिका वाचून! कुठला आकडा दाबला की कोणाच्या टेबलावर घंटा वाजेल, हे सगळं मीच ठरवलं. एकवर मालक, हे उघडच आहे. मग हिशेबनीस, कारण ते रुसतात. मग विक्रीवाले, मग बाकीचे. (भांडार मी मुद्दाम खाली ठेवलं, याची नोंद घ्यावी.) 'लिफ्टमध्ये अडकला असाल तर नऊ दाबा' हे सगळ्यात शेवटी, कारण मेकॅनिक सगळ्यात नवा. मानपान पाहता यादीत बोट ठेवायला जागा नव्हती. अडकलेल्या माणसाच्या बाजूने पाहायचं तेवढं राहिलं.

आवाज माझाच होता, दाजी, पण आधी भरून ठेवलेला. तुम्ही "अरे, मी तुझा दाजी बोलतोय!" म्हणालात, त्यावर "क्षमा करा, आपला पर्याय समजला नाही" हे यंत्र म्हणालं. ताईचं नाव सांगितलंत, तरी तेच. मग तुम्ही लग्नात आमच्याकडून राहिलेल्या गोष्टी एकेक करून काढल्यात, आणि नेमकं तेव्हा "आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे" असं ऐकू आलं. टोमणाच वाटला असणार. मला कळलं असतं तर तसाच धावत आलो असतो हो! आता ताईचा फोन आला की मागे तुमचं खाकरणं ऐकू येतं, पण तुम्ही काही फोन हातात घेत नाही. मला करमत नाही.

आपला,
मेव्हणा

ता. क. अडकलेल्यांसाठी आता एक दाबायचा. हिशेबनीस रुसलेत.

आणखी एक. तुमचं ते सगळं बोलणं यंत्रात नोंदलं गेलं होतं. मालकांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि मला म्हणाले, "तुझ्या आवाजाने माणसं चिडतात. हे गृहस्थ बंद लिफ्टमधून बोलतायत, तरी शब्द न् शब्द कळतो. यांचाच आवाज घे." तर रविवारी घरी येऊन तेवढी वाक्यं बोलाल का? माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. यंत्राशी बोला, मी शेजारी बसून राहीन.