ठशावरची वेल

शनिवार, १४ जून २०२५. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटे. गेममधल्या योद्ध्याचा अंगरखा बदलत होतो.

आजोबा ज्या ठशाने लुगडी छापत, त्या लाकडी ठशाचा फोटो काढून त्यातली वेल मी अंगरख्यावर चढवली. चार दिवस लागले. वडिलांना, अप्पांना दाखवली तर ते हसतच सुटले.

"अय्यो मगा, अरे पोरा, ठशाचाच फोटो काढलास? ठसा उलटा कोरतात रे! वेल भलतीकडे चढतेय बघ."

रंगाऱ्याचा नातू मी, आणि एवढं कळू नये? लगेच सुलटी केली.

मग त्यांना कळलं की हा मॉड, म्हणजे गेममधला हा बदल, मी सगळ्यांना फुकट देणार आहे. हसू गेलं.

"आपल्या घरची नक्षी ती. गावभर वाटायची नाही. साकु."

साकु, म्हणजे कानडीत पुरे! अप्पांनीच छापणं सोडलं. पंधरा वर्षं ती वेल पलंगाखाली धूळ खातेय. तेव्हा पुरे नव्हतं झालं? की मीच चुकतोय? दोनदा विचार केला. नाही, चुकत नाही.

मॉड नेटवर टाकला. खाली आजोबांचं नाव लिहिलं, तीनदा तपासून.

खोलीबाहेरून अप्पांनी विचारलं, "टाकलास काय रे?"

"हो," म्हणालो. आणि अप्पांना आत येता यावं म्हणून दाराला कडी घातली नाही.